आधी जमीन तपासा, मग नकाशा काढा

दारूखान्याच्या बंदरकाठावरील बंद प्लॉटांच्या माती व भूजल तपासणीबाबत मागणीपत्र

प्रति,
या जमिनीची मालकी असलेले बंदर प्राधिकरण, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, महानगरपालिका आणि जिल्हाधिकारी, मुंबई शहर

अर्जदार : बंदरकाठावरील मच्छीमार, जहाजतोड कामगार आणि रहिवासी यांची संघटना

महोदय,

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या एका सभासदाने घरामागे शौचालयाच्या टाकीसाठी खड्डा घेतला. पलीकडे जहाजतोडीचा बंद पडलेला प्लॉट, मध्ये एक पत्र्याची भिंत. कमरेइतके खोल गेल्यावर पाणी लागले. पाण्यावर मोरपिशी तवंग होता आणि कुदळीला चिकटून आलेल्या काळ्या मातीला इंजिनाच्या खोलीसारखा वास. दुपारी ओहोटी लागली तसे खड्ड्यातले पाणी वीतभर उतरले आणि खड्ड्याच्या कडेवर तेलाची काळी रेघ राहिली. संध्याकाळी भरती चढली तसे पाणी पुन्हा त्या रेघेपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवून टाकला. पुढच्या सगळ्या मागण्या आम्हाला त्या रेघेवरून सुचल्या आहेत.

दारूखाना म्हटले की बाहेरचे लोक हसतात. इथली दारू बंदुकीची, हे एकदा सांगून टाकलेले बरे. आजूबाजूच्या बंदरांची नावे वाचली तरी इथे काय काय उतरत होते त्याची यादी तयार होते : कोळसा बंदर, लकडी बंदर, कौला बंदर. पायाखालची बरीचशी जमीन निसर्गाने दिलेली नाही, ती भरणी घालून समुद्राकडून घेतलेली आहे. 1873 मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टने ती बांधून काढली आणि तुकडे पाडून भाडेपट्ट्याने दिली. अलंगचा जहाजतोडीचा किनारा 1983 मध्ये सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे जहाजे तुटत आली आहेत. उधाणाच्या भरतीला जहाज काठाशी ओढायचे, ओहोटीला उघडे पडले की गॅस कटर लावायचा, वजन कमी झाले की पुढच्या उधाणाला आणखी वर घ्यायचे. म्हणजे कापाकापी होत होती ती थेट चिखलात, आणि भरती दिवसातून दोनदा तो चिखल धुऊन नेत होती.

देशाची पहिली विमानवाहू नौका विक्रांत 2014 मध्ये तुटायला आली ती इथेच. तिचे लोखंड पुढे एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत वापरले गेले आणि त्याची मोठी जाहिरात झाली. त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. पण जहाज म्हणजे नुसते लोखंड नव्हे. त्या काळच्या कुठल्याही जहाजात पाइपांभोवती गुंडाळलेला अ‍ॅस्बेस्टॉस असतो, शिशाचा रंग असतो, जुन्या केबलींत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबीचे तेल असते, तळाशी बिल्जचे काळे पाणी आणि टाक्यांत गाळ असतो. लोखंड ट्रकमध्ये चढते आणि वजनकाट्यावर त्याची नोंद होते. बाकीच्याची नोंद कुठल्या काट्यावर झाली, हा आमचा प्रश्न कोणा एका जहाजाबद्दल नाही. तो इथे तुटलेल्या सगळ्या जहाजांबद्दल आहे.

जहाज पुनर्वापराचा कायदा 2019 मध्ये झाला. हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून अमलात आला. आता तोडायला येणाऱ्या जहाजासोबत घातक पदार्थांची यादी यावी लागते. चांगले झाले. पण आधी तुटलेल्या शेकडो जहाजांची यादी कागदावर नाही. ती मातीत आहे आणि ती वाचून घ्यावी एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. तिथले साहेब वाईट बोलले नाहीत. चहा दिला आणि विचारले, "अहो, पण इथलं पाणी पितं कोण? खारं आहे ना ते?" प्रश्न रास्त वाटतो, म्हणून त्याचे उत्तर इथे सविस्तर देतो. यापुढेही तो विचारला जाणारच आहे.

इथले भूजल कोणी पीत नाही, हे खरे. बंदरावरची बाई पाण्यासाठी पैसे मोजते, पण जमिनीतले पाणी तोंडाला लावत नाही. मात्र हे पाणी एका जागी उभे नाही. ओहोटीला ते भरावातून समुद्राकडे झिरपते, भरतीला मागे रेटले जाते आणि या ये-जा करण्यात सुटलेले तेल व धातू थोडे थोडे करून खाडीच्या चिखलात नेऊन सोडते. त्या चिखलात निवट्या राहतात, चिंबोऱ्या राहतात, दगडांना कालवे चिकटतात. शिवडीच्या चिखलावर चरायला येणाऱ्या रोहित पक्ष्यांचे फोटो दर वर्षी छापून येतात. ते काय खातात हे कोणी विचारत नाही. दुसरे असे की, उद्या इथे टॉवर आले तर तळघरासाठी खोल खणावे लागेल आणि खणलेल्या खड्ड्यातले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसावे लागेल. ते पाणी पावसाळी गटारात जाणार आणि गटार समुद्रात. आज जे वर्षानुवर्षे झिरपते आहे ते तेव्हा महिनाभरात जाईल. तिसरे, हलक्या तेलांची आणि द्रावकांची वाफ मातीतून वर चढते आणि बंद तळघरात साठते. तेव्हा प्रश्न पिण्याचा नाही.

2018 मध्ये बंदराच्या सुमारे 966 हेक्टर जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि पूर्व किनाऱ्याचा आराखडा आला. त्यात उद्याने आहेत, पाण्याकाठी फिरायला जागा आहे. उद्यानाला आमचा विरोध नाही. आमची पोरेही तिथे खेळतील. म्हणूनच खालच्या मागण्या.

पहिली मागणी नोंदीची. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. संशयित जागा कळवण्याची जबाबदारी त्यांत स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक पाहणी करायची आणि पुढच्या 90 दिवसांत सविस्तर तपासणी, असा क्रम आहे. जहाजतोड थांबलेले सर्व प्लॉट, त्यांना लागून असलेली भंगाराची गोदामे आणि भरती-ओहोटीमधला चिखलाचा पट्टा एकत्रितपणे 'संशयित दूषित स्थळ' म्हणून पुढच्या सहामाही यादीत कळवावा. प्लॉट-प्लॉट सुटा करू नये. तेलाला पत्र्याची भिंत दिसत नाही.

या नियमांत एक उणीव आहे, ती आत्ताच बोलून ठेवतो. तपासणीला मुदत आहे, पण दूषित ठरलेली जागा कधीपर्यंत साफ करायची याला नाही. भोपाळच्या कारखान्यातला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये पिथमपूरला हलवला गेला, म्हणजे वायुगळतीनंतर 40 वर्षांनी, आणि तोही पोत्यांत भरता येण्यासारखा होता म्हणून. तिथली माती आणि भूजल अजून जागेवरच आहे. आमच्या बाबतीत सफाईचे वेळापत्रक तपासणीच्या अहवालासोबतच जाहीर व्हावे.

दुसरी मागणी जुन्या माहितीची. बोअर मारण्याआधी कागद काढा : भाडेपट्ट्याच्या फायली, भरणीचे जुने नकाशे, कोणत्या प्लॉटवर कोणत्या साली कोणते जहाज आले त्याची नोंदवही, आगीच्या वर्द्या, तेलाच्या पाइपलाइनींचे आराखडे. पण कागदावर सगळे नाही. कुठल्या कोपऱ्यात केबली जाळून तांबे काढायचे, टाकीतला गाळ कुठल्या खड्ड्यात ओतून वर मुरूम टाकला, पाइपांवरचा कापसासारखा पांढरा थर पोत्यात भरून कुठे पुरला, हे मुकादमांना आणि कटरवाल्यांना माहीत आहे. त्यांतले बरेच जण गावी परतले, काही वारले. जे आहेत ते साठीच्या पुढचे आहेत. त्यांना सोबत घेऊन जागेवर फिरा आणि ते दाखवतील तिथे खुणा करा. यात एक अट आहे. मालकाच्या सांगण्यावरून काल खड्डा भरणाऱ्याला आज आरोपी करू नका, आणि ते लेखी द्या. नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

तिसरी मागणी नमुने कसे घ्यावेत याबद्दल आहे. ती लांब आहे, कारण तपासणी फसते ती इथेच. अहवालाची पाने शंभर असोत की हजार, बाटलीत काय भरले त्याच्यापुढे तो जात नाही.

इथे वर भराव आहे, त्याखाली खाडीचा काळा चिखल, मग मुरूम आणि शेवटी काळा पाषाण. प्रत्येक थरातून वेगळा नमुना हवा. पाच ठिकाणची माती घमेल्यात कालवून एक नमुना करण्याची पद्धत इथे चालणार नाही. एका ठिकाणचे जबर शिसे चार ठिकाणच्या साध्या मातीत मिसळले की सरासरी सभ्य दिसते. डिझेल आणि इंजिन ऑइल पाण्यावर तरंगते, तर यंत्रे धुवायला वापरलेली काही द्रावके पाण्यापेक्षा जड असल्याने तळाला बसतात. म्हणून निरीक्षण विहिरी उथळ आणि खोल अशा दोन्ही हव्यात. उथळ विहिरीच्या पाइपची जाळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे आली पाहिजे. जाळी सगळी पाण्याखाली बुडाली तर तरंगते तेल विहिरीत शिरतच नाही आणि 'तेल आढळले नाही' असे खरेखुरे, सही-शिक्क्याचे खोटे कागदावर येते. खोल विहीर घेताना वरच्या थराला आधी केसिंग घाला. नाहीतर वरचे तेल आपणच पाडलेल्या भोकातून खालच्या खडकाच्या भेगांत उतरेल, आणि तपासणीनेच नवे प्रदूषण केल्यासारखे होईल.

आता पाण्याची वेळ. हा भाग इंजिनिअरांपेक्षा आमच्या कोळी सभासदांना जास्त कळतो, हे आम्ही नम्रपणे पण ठामपणे सांगतो. भरतीच्या वेळी मोजले तर भूजल जमिनीकडे वाहताना दिसेल, ओहोटीला मोजले तर समुद्राकडे. एकदाच मोजून काढलेली वाहण्याची दिशा फसवी असते. मुंबईत उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्या वर जाते आणि भांगाच्या दिवसांत त्याची चढउतार बरीच कमी असते. म्हणून सर्व विहिरींत एकाच वेळी, दर तासाला, सलग तीन दिवस पातळी नोंदवा. एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला. पाण्याचे नमुने ओहोटी पुरती सुकतीला लागल्यावर घ्या, कारण तेव्हा विहिरीत येते ते जमिनीतले पाणी, समुद्राचे नव्हे. आणि हे सगळे पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. फक्त सप्टेंबरात नमुने घेतले तर चार महिन्यांच्या पावसाने पातळ झालेले पाणी मोजले जाईल.

प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असावी, आणि खाऱ्या पाण्यातले धातू मोजण्याची पद्धत तिच्याकडे आहे का हे आधी तपासावे. समुद्राच्या मिठामुळे साध्या पद्धतीत आकडे चुकतात. उडून जाणाऱ्या तेलांचे नमुने काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता भरावेत आणि बर्फात न्यावेत. प्रत्येक बाटलीचा पंचनामा व्हावा, सील जागेवरच लागावे, आणि प्रत्येक नमुन्याचा दुसरा हिस्सा आमच्या प्रतिनिधीसमोर सील करून संघटनेकडे द्यावा. अविश्वास म्हणून नव्हे. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले तर पुढची सगळी भांडणे वाचतील. तपासायच्या पदार्थांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, आर्सेनिक, तेलाचे घटक, पीसीबी आणि अ‍ॅस्बेस्टॉस हवेतच. शिवाय टीबीटी. जहाजाच्या बुडाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातले हे विष. जगभर 2008 पासून त्यावर बंदी आहे, कारण ते पाण्यात अगदी नगण्य असले तरी काही गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात. बंदीपूर्वी रंगवलेली जहाजे इथे खरवडली आणि कापली गेली आहेत. नेहमीच्या चाचण्यांच्या यादीत टीबीटी नसते. नाव घालून मागितल्याशिवाय कोणी तपासत नाही, म्हणून आम्ही नाव घालतो आहोत.

चौथ्या मागणीवरून आमच्याच बैठकीत भांडण झाले, ते झाकून ठेवत नाही. चिखलातल्या निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवे यांचीही तपासणी व्हावी, असा प्रस्ताव होता. मासळी विकणाऱ्या बायका उठल्या. एक म्हणाली, "उद्या पेपरात आलं की शिवडीच्या मासळीत शिसं हाय, तर खोल पाण्यातली बोटीची मासळी पण कोन घेनार नाय. तुमी आकडा मोजाल, माझा धंदा कोन मोजनार?" तिचे म्हणणे चूक नाही. दोन बैठकांनंतर ठरले ते असे : तपासणी व्हावी, पण जात आणि जागा स्पष्ट लिहून. काठावरच्या चिखलातली कालवे वेगळी, बाहेरच्या समुद्रातले पापलेट वेगळे. निकाल वर्तमानपत्राआधी आमच्या हाती यावा, आणि एखादी जात खाण्यायोग्य नाही असे ठरले तर ती गोळा करून पोट भरणाऱ्यांना त्याच आदेशाने नुकसानभरपाई मिळावी. पुढच्या आदेशाने नव्हे.

पाचवी मागणी कोणत्या मापाने मोजायचे याची. जमीन औद्योगिक आहे म्हणून औद्योगिक मर्यादा लावल्या तर बरेच काही चालून जाईल. पण आराखड्यात ती औद्योगिक राहणार नाही. जिथे मूल मातीत बसून खेळणार आहे तिथे वस्तीची आणि उद्यानाची मर्यादा लावा. तपासणी पुरी होऊन निकाल जाहीर होईपर्यंत या प्लॉटांवर खोदाई, भूजल उपसा किंवा नवी भरणी यांना परवानगी देऊ नये. काँक्रीट ओतून वर बाग करणे हा काही ठिकाणी योग्य उपाय असू शकतो, हे आम्हाला मान्य आहे. पण काँक्रीट वरून येणारा पाऊस अडवते. बाजूने भरतीला शिरणारे पाणी त्याने अडत नाही. त्या खड्ड्यातली रेघ आठवावी.

सहावी, खर्चाची. 1996 च्या बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घाण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च द्यायचा, हे तत्त्व पक्के केले. तिथेही विहिरींचे पाणी बिघडलेले होते. इथली अडचण अशी की जहाज तोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दुकान गुंडाळले आहे आणि भाडेपट्टे हातोहात फिरले आहेत. जमिनीचा मालक मात्र आरंभापासून एकच आहे आणि भाडे त्यानेच घेतले. म्हणून तपासणीचा खर्च आधी मालकाने करावा आणि नंतर ज्याच्याकडून वसूल करायचा त्याच्याकडून करावा. आणखी एक पळवाट आत्ताच बुजवावी. 2025 च्या नियमांतून समुद्रातले तेलप्रदूषण वगळले आहे. कोणी म्हणेल, हे तर जहाजाचे तेल, हे नियम इथे लागत नाहीत. हे तेल समुद्रातून आलेले नाही. ते जमिनीवरून समुद्रात चालले आहे.

सातवी. निकाल मराठीत आणि हिंदीत, नकाशासह, बंदरावर फलक लावून जाहीर करा. कामगारांतले कितीतरी जण उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आहेत आणि कौला बंदरात तमिळ घरेही आहेत, तेव्हा जाहीर वाचन झाले तर उत्तमच.

आठवी मागणी लिहिताना हात अडखळला, कारण ती आमच्याच विरुद्ध वापरली जाऊ शकते. जागा विषारी निघाली की पहिली नोटीस झोपडीला येते. बंदराची जमीन केंद्राच्या अखत्यारीतली असल्याने राज्याच्या पुनर्वसन योजना इथे सरळ लागू होत नाहीत, आणि लोक अधांतरी राहतात. दूषितता हे कारण दाखवून पर्यायी घराशिवाय कोणालाही हलवू नये. पर्याय म्हणून माहुल दाखवू नये. तिथल्या हवेचे प्रकरण हरित लवादात आणि उच्च न्यायालयात गाजलेले आहे. एका विषातून काढून दुसऱ्यात बसवणे याला पुनर्वसन म्हणत नाहीत. जिथे तातडीचा धोका निघेल तिथे आधी कुंपण घाला, स्वच्छ पाण्याचा नळ द्या, मुलांना त्या मातीपासून दूर ठेवण्याची सोय करा आणि जुन्या कामगारांची फुप्फुसे तपासा. अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार अंगात वीस-तीस वर्षे दबून राहतो. ज्यांनी तो थर हातांनी ओरबाडला त्यांच्यासाठी ती तारीख आता जवळ आली आहे.

तपासणीच्या आखणीत, बोअरच्या जागा ठरवताना आणि मसुदा अहवाल वाचताना संघटनेचे तीन प्रतिनिधी असावेत : एक कामगार, एक मच्छीमार बाई, एक रहिवासी. तांत्रिक बाजू समजून घ्यायला आम्ही आमचा सल्लागार आणू. त्याचे मानधन मागत नाही.

या पत्राला 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे. त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. येत्या अमावास्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळी पाणी पूर्ण सुकते तेव्हा, अधिकाऱ्यांनी आमच्यासोबत काठावर यावे. नेमकी वेळ आम्ही आदल्या दिवशी फोन करून कळवू. साधे बूट चालणार नाहीत, गमबूट आणावेत. ज्या प्लॉटमागे तो खड्डा बुजवला तिथून पंधरा-वीस पावलांवर, चिखलात एक जुनी साखळी अर्धी रुतलेली आहे. तिच्या खालच्या अंगाने पाणी झिरपताना दिसते. आमचा एक जुना कटरवाला ती जागा दाखवेल, तो गुडघ्यांनी अधू आहे पण यायला तयार आहे. एक रिकामी काचेची बाटली सोबत ठेवावी.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद